मोकळ्या रस्त्याचा आश्विन

रस्ता मोकळा असला की मला आता बरं वाटत नाही.

परवा दुपारी चाकणच्या तळेगाव चौकातून आमची गाडी तिसऱ्या गिअरमध्ये निघून गेली. या चौकात तिसरा गिअर पडत नाही. एरवी इथं इंजिन बंद करून खाली उतरायचं, टपरीवर चहा घ्यायचा, परत येऊन बसायचं, तरी पुढचा कंटेनर जागेवरच असतो. परवा हिरवा दिवा लागला आणि तो पिवळा होण्याआधी आम्ही पलीकडे होतो. शेजारी बसलेल्या सहकाऱ्याने खुशीत घरी फोन लावला आणि आज जेवायला घरीच येतो म्हणून सांगितलं. दुभाजकाला टेकून बसलेल्या एका वयस्कर माणसाने आमच्या गाडीकडे पाहिलं. त्यांच्या पुढ्यातली टोपली भरलेली होती. मी हात वर केला. तो त्यांना दिसला की नाही ते कळलं नाही, कारण तोवर चौक मागे पडला होता.

पुढे तळेगाव रस्त्याच्या कडेला कार वाहून नेणारे लांब ट्रेलर एकामागे एक उभे होते. सगळे रिकामे. त्यांच्या सावलीत परप्रांतातले चालक परातीत कणीक मळत होते. एकाने दोन चाकांच्या मध्ये दोरी बांधून कपडे वाळत घातले होते. ट्रेलरखाली कणीक मळली जाऊ लागली की आमच्या पट्ट्यात ऋतू बदलला असं समजायचं. हा ऋतू पंचांगात नसतो. त्याच्या खुणा मात्र ठरलेल्या आहेत. खोल्या भाड्याने देण्याच्या पाट्या वाढतात. खानावळीच्या दारातल्या चपलांची रांग आखडते. पंक्चरवाला दुपारी झोपतो. आणि शहरातली, ज्यांचं काही गेलेलं नाही अशी माणसं एकमेकांना सांगू लागतात की हल्ली ट्रॅफिक किती कमी झालं आहे.

मी हा ऋतू पहिल्यांदा नीट पाहिला तो कोरोनाच्या आदल्या वर्षी.

त्या वेळी मी एका दैनिकाच्या पिंपरीतल्या कार्यालयात वाहतुकीच्या बातम्या करत होतो. आतल्या पानावर रोज एक चौकट असे, ‘आज कोंडी कुठे’. नाशिक फाटा, भोसरी, मोशी, चिंबळी फाटा, चाकण. मजकूर जवळपास तोच, फक्त चौकांचा क्रम बदलायचा. ती चौकट भरायला मला कधी कष्ट पडले नव्हते. गणपती उठले आणि ती भरेना. एरवी दसरा-दिवाळीच्या तोंडावर कारखान्यांत ओव्हरटाइम चालतो, लोक डोळे चोळत तिसऱ्या शिफ्टहून परत येतात. त्या वर्षी मंदी आली आणि कंपन्यांच्या सूचनाफलकांवर ‘नो प्रॉडक्शन डे’चे, म्हणजे उत्पादन बंदचे, कागद लागले. आधी महिन्यात दोन दिवस, मग आठवड्यात दोन दिवस. त्या दिवशी ना कच्चा माल येई, ना गाड्या बाहेर पडत, ना कामगारांच्या बस धावत.

रस्ता असा रिकामा होत असतानाच चौकात एकेरी वाहतुकीचा एक नवा प्रयोग सुरू झाला होता. एका अधिकाऱ्याने मला सांगितलं, प्रयोग यशस्वी झाला. मी चौकात उभा राहून घड्याळ लावलं. पूर्वी जिथं पाऊण तास लागायचा, तिथं आठ मिनिटं लागत होती. मोजमाप बरोबर होतं. ‘अखेर कोंडी फुटली’ असा मथळा दिला. अधिकाऱ्याचा सत्कार झाला. पुनावळ्याच्या सोसायट्यांमध्ये ती बातमी मोबाइलवर फिरली, कारण तिथली काही माणसं रोज चाकणला जात आणि आता त्यांना सकाळी अर्धा तास जास्त झोपता येत होतं. एका बिल्डरने त्याच आठवड्यात जाहिरात दिली की चाकण आता अमुक मिनिटांवर. जाहिरात आमच्याच अंकात होती, माझ्या बातमीच्या खाली.

आठ मिनिटांचं कारण मी बातमीत लिहिलं नव्हतं. ते मला माझ्या घरात कळलं. मी दापोडीत राहतो, रेल्वे आणि जुना मुंबई-पुणे रस्ता यांच्या मधल्या एका गल्लीत. त्या आश्विनात एका सकाळी स्टेशनवरची घोषणा मला घरात शब्दन् शब्द ऐकू आली. लोणावळ्याकडे जाणारी लोकल, फलाट क्रमांक, सगळं. इतक्या वर्षांत ती कधी ऐकू आली नव्हती. घोषणेचा आवाज वाढला नव्हता. तिच्यावर जो आवाज असायचा तो गेला होता.

गल्लीच्या तोंडाशी, रस्त्यावर, चाकणच्या एका कंपनीच्या बसचा थांबा होता. थांबा म्हणजे बंद पडलेल्या टेलिफोन बूथचा सांगाडा. पहाटे सव्वापाचला तिथं माणसं जमायची. निळा शर्ट, पाठीला सॅक, सॅकमध्ये डबा, हातात तंबाखू. साडेपाचला बस यायची. कंपनीच्या बसमध्ये प्रत्येकाची जागा ठरलेली असते. ती कोणी लिहून दिलेली नसते, पण चुकून दुसऱ्याच्या जागेवर बसलेल्या नव्या माणसाला बस सुरू होण्याआधी उठावं लागतं. वर्षानुवर्षं तीच खिडकी, तोच खांदा शेजारी, झोपेत मान पडायची ती त्याच बाजूला.

चालकाच्या मागची दुसरी खिडकी वामन सोनवण्यांची. ते आमच्याच गल्लीत राहत. वय त्रेपन्न, कंपनीच्या पेंट शॉपमध्ये, म्हणजे रंगकामाच्या विभागात, अठ्ठावीस वर्षं नोकरी, मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. मला ते पत्रकार म्हणूनच हाक मारत. पहाटे मी दूध आणायला निघालेला दिसलो की विचारत, “काय पत्रकार, आज कुठं कोंडी करताय?”

थांब्यावरचा विनोद त्यांच्याकडे असायचा. माणसं कमी होऊ लागली तसा तो धारदार झाला. आधी कंत्राटी कामगार गेले. त्यांना पत्र वगैरे येत नव्हतं, गेटवर पास चालत नसे इतकंच. आज जो शेजारी बसून आला तो उद्या थांब्यावर नसे. बस सुटताना सोनवणे पीएमटीच्या कंडक्टरसारखा आवाज काढून म्हणत, “चला, एक सीट खाली. कासारवाडी, भोसरी, मोशी आणि घर.” बस हसायची. पुढची सीट कोणाची यावर तंबाखूच्या पुड्यांची पैज लागायची.

एकदा कामावरून काढलेला एक जण बसमध्ये राहिलेला डबा घ्यायला दुसऱ्या दिवशी पहाटे थांब्यावर आला. तो मागच्या दाराने चढून सीटखाली वाकला होता. सोनवण्यांना तो दिसला नाही. त्यांनी नेहमीप्रमाणे हाळी दिली. तो माणूस डबा घेऊन सरळ उभा राहिला आणि सगळ्यांबरोबर हसला. मग उतरून गेला. हे मला सोनवण्यांनीच सांगितलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही ओरडला नसाल, असं मी म्हणालो. ते म्हणाले, ओरडलो, कारण त्या दिवशी तीन सीट खाली होत्या.

सोनवणे कायम कामगार होते. त्यांना कोणी गेटवर अडवणार नव्हतं. त्यांची भीती वेगळी होती आणि ती साऱ्या थांब्याला ठाऊक होती. त्यांना फिट यायची. वर्षातून दोन-तीन वेळा, सांगून न येणारी. डॉक्टरांनी दुचाकी चालवायला बंदी केली होती. पहिली शिफ्ट साडेसहाची. दापोडीहून पीएमटीने भोसरी, तिथून दुसरी गाडी धरून चाकण, तिथून कंपनीचं गेट, असं केलं तर सातच्या आत पोचणं शक्य नव्हतं. लोकलने तळेगाव गाठून उलटं यावं तर त्याहून उशीर. बसमधल्या चौघांना माहीत होतं की सोनवण्यांचा आधी चष्मा काढायचा, मग कुशीवर वळवायचं, पाणी पाजायचं नाही. बस होती तर सोनवणे साडेसहाला गेटच्या आत होते. बस नसेल तर लेट मार्क, आणि त्या आश्विनात लेट मार्कच्या याद्या नुसत्या पगार कापण्यासाठी काढल्या जात नव्हत्या. स्वेच्छानिवृत्तीच्या बोलण्यासाठी कोणाला बोलवायचं, ते त्यावरून ठरत होतं.

कंपनीचा नियम साधा होता. बसमध्ये पंचवीसपेक्षा कमी माणसं असली तर तो मार्ग बंद करायचा. बस ठेकेदाराची होती. मोजणी मोशीत, एका पेट्रोल पंपासमोर व्हायची. ठेकेदाराचा माणूस पुढच्या दाराने चढे, बोटाने हवेत टिंबं देत मागपर्यंत जाई, कागदावर आकडा लिही आणि मागच्या दाराने उतरे. कधीकाळी हा आकडा सत्तेचाळीस होता. गणपतीनंतर एकवीस झाला. मग चौदा.

तोड काढली ती बसचालक बबनरावांनी. बबनराव मोशीकडचे, जुन्या गावकऱ्यांपैकी. त्यांच्या जमिनीवर आता गोदाम होतं आणि ते दुसऱ्याची बस चालवत होते. मार्ग बंद झाला तर त्यांचंही काम जाणार होतं. त्यांनी चौदा जणांना सांगितलं, “डोकीच मोजत्यात न्हवं? हाजरी कुठं घेत्यात? मंग डोकी आणा. फुगेवाडीत ढिगानं हायती, कामावरनं काढल्याली.”

दुसऱ्या दिवसापासून बसमध्ये अकरा डोकी जास्त बसू लागली. ज्यांची सीट खाली झाली म्हणून बस हसली होती, त्यांतलेच बरेचसे. निळे शर्ट त्यांच्याकडे होतेच. त्यांना यात फायदा होता. चाकणपर्यंत फुकट जाता येई, तिथल्या मजूर अड्ड्यावर सकाळी उभं राहता येई, पाच-दहा गेटवर चौकशी करता येई. मोशीत मोजणी झाली की पुढे तळेगाव चौकात ते उतरत. पूर्वी कोंडीमुळे बस तिथं थांबलेलीच असायची. आता रस्ता मोकळा होता, म्हणून बबनरावांना मुद्दाम ब्रेक लावावा लागत होता.

मोजणारा माणूस आंधळा नव्हता. मार्ग चालू राहिला तर ठेकेदाराचंही चालत होतं. तो पंचवीस लिहायचा आणि उतरायचा.

मला हे सोनवण्यांनी सांगितलं, आणि लिहायचं नाही म्हणूनही सांगितलं. मी एका सकाळी त्यांच्याबरोबर बसमध्ये गेलो. चौकट भरायची होती. कोंडी नव्हती, म्हणून मोकळ्या रस्त्यावर काहीतरी लिहावं असा विचार होता. मोजणी झाल्यावर मी चढायचं ठरलं, म्हणजे आकडा बिघडणार नाही. मोशीत मी वाट पाहत उभा होतो. उजाडत होतं. इंद्रायणीवर धुकं होतं आणि पुलावरून जाताना काठावरच्या देवळाची घंटा ऐकू आली. बसमधल्या सगळ्यांना ती नवीच होती. मोशी ते चाकण या रस्त्यावर ते इतकी वर्षं झोपून गेले होते. बस जोरात जात असल्यामुळे आता झोप लागत नव्हती.

माझ्या शेजारी ज्ञानेश्वर नावाचा लातूरकडचा मुलगा होता, सव्वीस वर्षांचा. पत्रे दाबून आकार देणाऱ्या प्रेस शॉपला कंत्राटी होता, श्रावणात काढलेला. घरी सांगितलं का, असं मी विचारलं. तो म्हणाला, “काय सांगू? सकाळी उठतो, शर्ट घालतो, कंपनीच्या गाडीत बसतो. यात खोटं कुठलंय?” मागून कोणीतरी म्हणालं की पगार सोडला तर तो परमनंटच आहे.

तळेगाव चौकात अकरा जण उतरले. सॅक पाठीला, डबे सॅकमध्ये. त्यांच्यामागे बस हलली तेव्हा सोनवणे सवयीने ओरडले, अकरा सीट खाली. खाली उभ्या असलेल्यांतल्या दोघांनी हात हलवून दाखवला.

त्या दिवशी मी जे लिहिलं त्यात अकरा जणांचा उल्लेख नव्हता. मला ते छान जमलं असं वाटलं होतं. चाकणच्या चौकात अडकलेल्या गाड्यांमध्ये पाणी आणि शेंगदाणे विकणाऱ्या बायकांवर मी लिहिलं. कोंडी गेल्यावर त्यांचा धंदा गेला होता. गाडी थांबल्याशिवाय कोणी पुडी घेत नाही. त्यांतल्या एकीने मला सांगितलं होतं की तुमची बातमी वाचली, आता परत कोंडी होईल अशी लिहा. वृत्तसंपादकांनी ते वाक्य ठेवलं आणि शाबासकी दिली.

खंडेनवमीला बसची पूजा असते. कामगार मशीनची पूजा कंपनीत करतात, बसची थांब्यावर. पहाटे पाचला बबनरावांनी काच धुतली. आरशाला झेंडूचं तोरण, वायपरला आंब्याचा डहाळा, चाकाखाली लिंबू. त्या वर्षी वर्गणी कमी निघाली म्हणून पेढ्यांऐवजी साखर-फुटाणे होते. सोनवणे पूजाअर्चा मानणारे नव्हते, पण नारळ दरवर्षी त्यांच्याच हातून फुटायचा. बौद्धाच्या हातचा नारळ दोन तुकड्यांत सरळ फुटतो, असा बसमधला जुना विनोद होता, आणि तो त्यांनीच सुरू केला होता. त्या सकाळीही नारळ सरळ फुटला.

मंदीतही बस सजली, एवढीच बातमी होती. फोटो चांगला येणार होता. पंचवीस निळे शर्ट आणि चालक, मागे झेंडूने भरलेली काच, काचेवर कंपनीचं नाव आणि खाली ‘दापोडी’. उजेड नुकताच येत होता. मी त्यांना दोन रांगांत उभं केलं. सोनवणे पुढच्या रांगेत डाव्या टोकाला, हातात नारळाची वाटी.

आमच्याकडे एक नियम होता. उमेदवारीच्या पहिल्याच आठवड्यात तो अंगात भिनवला जायचा. फोटोत चेहरा दिसतो आहे, तर खाली नाव पाहिजे. नाव नसलेला चेहरा म्हणजे आळशी बातमीदार. मी वही काढली आणि डावीकडून सुरुवात केली. कोणी आढेवेढे घेतले नाहीत. उलट एकमेकांची नावं दुरुस्त केली. ज्ञानेश्वर म्हणाला, “वडलांचं बी नाव टाका साहेब. गावाकडं पाठवायचंय.” मी सव्वीस नावं पूर्ण लिहून घेतली आणि प्रत्येकाला एकदा वाचून दाखवली.

सोनवण्यांनी लिहू नका म्हणून सांगितलेलं मला आठवत होतं. मी बातमीत ते लिहिलंही नाही. फोटोखालची ओळ ही बातमी नव्हे, असं माझ्या हाताला वाटत असावं.

दसऱ्याची सुटी झाल्यावर अंक आला. फोटो चार कॉलम. खाली दोन ओळी: ‘दापोडीच्या थांब्यावर बसचे पूजन करताना कंपनीचे कामगार. डावीकडून पहिल्या रांगेत वामन सोनवणे,’ आणि पुढे सगळे. ज्ञानेश्वरने पाच अंक घेतले. मोबाइलवर फोटो गावाला पाठवला, तिथं त्याच्या मामाने तो मोठा करून घेतला.

चार दिवसांनी सोनवणे संध्याकाळी माझ्या घरी आले. चहा नको म्हणाले. खिशातून कात्रण काढून टेबलावर ठेवलं. ती कंपनीच्या कार्यालयातल्या कात्रणाची झेरॉक्स होती. कोणीतरी ती गेटपासच्या यादीशी ताडून पाहिली होती. अकरा नावांखाली लाल रेघा होत्या. पट्टीने ओढलेल्या, सरळ.

मी पुन्हा पुन्हा ती ओळ वाचत होतो. सोनवणे म्हणाले, “बघू नका. नावं सगळी बरोबर आहेत. काना-मात्रेची चूक नाही.”

मार्ग दुसऱ्या दिवसापासून बंद होता. ठेकेदाराला पत्र गेलं होतं. अकरा जणांची नावं कामगार पुरवणाऱ्या ठेकेदारांकडे फिरवली गेली, म्हणजे मंदी संपल्यावरही त्यांना या कंपनीत घ्यायचं नव्हतं. मी ऑफिसात जाऊन वृत्तसंपादकांना विचारलं, काही करता येईल का. ते सरळ माणूस होते. त्यांनी ओळ वाचली, फोटो पाहिला. चूक असेल तर दिलगिरी छापता येते, असं ते म्हणाले. यात चूक कुठली आहे, असं त्यांनी मला विचारलं. कामगार हा शब्द चुकीचा होता, असं मी म्हणालो असतो, तर ती दुरुस्ती अकरा जणांच्या घरी पोचली असती.

त्यानंतरचे दिवस मी थांब्यावरून पाहिले. कायम कामगारांतल्या काहींकडे मोटरसायकली होत्या. त्यांनी सोनवण्यांना मागे बसवून न्यायचं पाळीने ठरवलं. पहिला आठवडा ठीक गेला. मागे बसलेल्या माणसाला फिट आली तर दोघंही जातील, हे कोणीतरी कोणाच्या तरी घरी बोललं. मग एकाची शिफ्ट बदलली. एकाची क्लच वायर तुटली. एकाने निरोप पाठवला की उद्या मी सुटीवर आहे, आणि सोनवणे तरीही उभे होते तेव्हा तो समोरून गेला. रस्ता मोकळा असल्यामुळे तो फार वेळ दिसला नाही. सोनवणे सात वाजेपर्यंत बूथच्या सांगाड्याजवळ उभे राहायचे, निळ्या शर्टात, सॅक पाठीला. मी दूध घेऊन परत येताना ते आता काही विचारत नसत.

दिवाळीआधी त्यांना कार्यालयात बोलावलं गेलं. चहा दिला, बिस्किटं दिली. लेट मार्कांचा कागद बशीखाली ठेवलेला होता, तो कोणी काढला नाही. तब्येतीची चौकशी झाली. स्वेच्छानिवृत्तीचा फॉर्म भरून तयार होता, फक्त सही राहिली होती. सोनवणे मला म्हणाले की फॉर्मवर नाव बरोबर होतं.

परत येताना त्यांना कंपनीच्या दुसऱ्या मार्गाच्या बसने भोसरीपर्यंत सोडलं. ते उतरले तेव्हा सीट खाली झाल्याची हाळी कोणी दिली नाही. तिथं ती पद्धत नव्हती.

मंदी गेली. मधे कोरोना आला, तेव्हा सगळे रस्ते मोकळे झाले आणि कोणाला त्याचं कौतुक वाटलं नाही. तोही गेला. कंपन्या जोरात सुरू झाल्या. तळेगाव चौकात कंटेनर पुन्हा कंटेनरला लागला. मी घड्याळ लावलं, पाऊण तास. चौकट सुरू झाली. पुनावळ्याच्या लोकांनी प्रशासनाला शिव्या द्यायला सुरुवात केली. ज्या अधिकाऱ्याचा सत्कार झाला होता, त्याची बदली झाली होती, म्हणून शिव्या दुसऱ्याला बसल्या. एकेरी वाहतूक तीच होती.

नोकरी सुटल्यावर सोनवण्यांनी आमची गल्ली सोडली होती; त्यानंतर ते मला पहिल्यांदा दिसले ते त्या कोंडीत. गाडीची काच वाजली. मी वर पाहिलं तर ते. हातात शेंगदाण्याच्या पुड्या, टोपलीत पाण्याच्या बाटल्या. मुलगी नोकरीला लागली आहे, ती नको म्हणते, पण घरी बसवत नाही, असं त्यांनी सांगितलं. अठ्ठावीस वर्षं या बाजूला यायची सवय आहे. इथं उशिरा आलं तरी लेट मार्क नाही. पुढची गाडी हलेना, म्हणून आम्ही बराच वेळ बोललो. बबनराव आता पाण्याचा टँकर चालवतात. ज्ञानेश्वर गावाकडे आहे, फोटो अजून भिंतीवर आहे. नंतरच्या काही वर्षांत आम्ही असे अनेकदा भेटलो, नेहमी त्याच चौकात, नेहमी कोंडीत. मी दोन पुड्या घ्यायचो. ते विचारायचे, “काय पत्रकार, आज किती वेळ अडकलात?” आकडा मोठा असला की त्यांना बरं वाटायचं. चष्मा आधी काढायचा आणि मग कुशीवर वळवायचं, हे त्या चौकात कोणाला ठाऊक आहे का, हे मी कधी विचारलं नाही.

परवा मात्र गाडी थांबलीच नाही. म्हणून काल मी मुद्दाम गेलो. पलीकडे गाडी लावून चालत चौकात आलो. आश्विनातलं ऊन होतं, दुभाजकाचा दगड तापलेला. सोनवणे तसेच बसले होते. टोपली भरलेली. सकाळपासून किती पुड्या गेल्या ते मी विचारलं. त्यांनी दोन बोटं दाखवली, मग त्यांतलं एक बोट दुमडलं, कारण एक पुडी त्यांनी स्वतः खाल्ली होती. कंपन्या पुन्हा आठवड्यातले दोन दिवस बंद आहेत, हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं. सिग्नलला किती गाड्या उभ्या राहतात, त्यावरून ते सांगतात. या वेळची मंदी जास्त दिवस चालेल, असं त्यांचं मत होतं.

“बातमी करताय?” त्यांनी विचारलं.

हो म्हणालो. फोटोही पाहिजे होता. ते उठले. टोपली पायाजवळ सरळ ठेवली, शर्टाच्या बाह्या खाली केल्या, चष्मा पुसला. मी मोबाइल काढला. दिवा हिरवा होता आणि गाड्या एकेक करून न थांबता जात होत्या.

“नाव टाकणार का?”

नाही, असं मी सांगितलं. या वेळी नाही.

“टाका,” ते म्हणाले. “आता कोणाच्या यादीत नाही मी.”

मी फोटो काढला. ओळ ऑफिसात येऊन लिहिली. ती पहिल्यांदा जशी लिहिली गेली तशीच पानावर गेली, कारण तिच्यात काही चूक सापडली नाही. डावीकडून वामन सोनवणे आणि मोकळा रस्ता.